ठोशाच्या आधी

आज एका ठोशावर मन ठेवायचं आहे. त्यासाठी वेगळी बैठक नको. पाठ टेकलेली असली तरी चालेल, आणि डोळे तर उघडेच लागतील, कारण हे मनन वाचत वाचत करायचं आहे. फक्त घाई थोडी बाजूला ठेवा. ज्या गोष्टीकडे आपण पाहणार आहोत ती सरासरी 2.7 मिलिसेकंदांत आटोपते. हा परिच्छेद वाचायला घेतल्यापासून आतापर्यंत तसे हजारो ठोसे एकामागून एक बसून गेले असते.

ठोसा मारणारा जीव फार तर वीतभर लांबीचा. हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या उथळ, कोमट पाण्यात, प्रवाळांच्या आसपास तो बीळ करून राहतो. हिरवा, निळा, शेंदरी अशा रंगांमुळे त्याला मोरपंखी मँटिस श्रिंप म्हणतात; शास्त्रीय नाव ओडोंटोडॅक्टिलस सिलारस. कोळंबीशी त्याचं नातं लांबचं आहे. कवचधारी प्राण्यांमध्ये या मंडळींचा स्वतंत्र गण आहे आणि त्यात साडेचारशेच्या आसपास जाती आहेत. त्यांचे डोळेही विलक्षण असतात, पण त्यांच्याकडे आज वळायचं नाही. त्या डोळ्यांसाठी दुसरी बैठक लागेल.

आपण उलट्या दिशेने जाऊ. कार्यापासून कारणाकडे. ठोसा बसून गेला आहे, तिथून एकेक पाऊल मागे.

बिळाच्या तोंडाशी शंखाचे तुकडे पडले आहेत. गोगलगाय खाऊन झाली आहे. शंख जाड होता; माणसाला तो फोडायला दगड हाती घ्यावा लागला असता. इथे एका घावात काम झालेलं नाही. या गणातल्या ठोसेवाल्या जाती शंख फिरवून फिरवून धरतात, त्याच्या आकारानुसार घावाची जागा बदलतात आणि पुन्हा पुन्हा मारत राहतात. तेव्हा मनातलं एकाच फटक्यात चक्काचूर होण्याचं चित्र पुसून टाका. त्या जागी एक चिकाटीचा कारागीर ठेवा.

आता त्यातल्या एका घावावर या. घाव बसला त्या क्षणी काय झालं?

2005 साली शीला पाटेक आणि रॉय काल्डवेल यांनी या प्राण्याला बल मोजणाऱ्या यंत्रावर ठोसे मारायला लावले. नोंदीत एका ठोशाची दोन शिखरं उमटली. पहिलं शिखर गदेसारख्या अवयवाच्या टोल्याचं, जास्तीत जास्त 1,500 न्यूटनपर्यंत गेलेलं. म्हणजे दीडशे किलो वजनाएवढा दाब, क्षणभरासाठी, वीतभर प्राण्याकडून. त्यानंतर अर्ध्या मिलिसेकंदाच्याही आत दुसरं शिखर, सरासरी पहिल्याच्या निम्म्या जोराचं. पण अवयव तर एकदाच आदळला होता. मग दुसऱ्यांदा कोणी मारलं?

पाण्याने. इथे थोडं थांबा, कारण हे सहज मनात उतरणारं नाही. टोला बसतो आणि गदा उसळून मागे येते, तेव्हा तिच्या आणि शंखाच्या मधलं पाणी तेवढ्या चपळाईने जागा भरू शकत नाही. तिथला दाब एकदम कोसळतो. दाब पुरेसा कोसळला की पाणी न तापताच उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. पुढच्याच क्षणी भोवतालचं पाणी त्या बुडबुड्यांवर चहूबाजूंनी कोसळतं आणि ते मिटतात. मिटताना आवाज होतो, उष्णता होते, डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही चमकतो. जहाजाचे पंखे याच प्रकाराने झिजतात; अभियंते त्याला कॅव्हिटेशन म्हणतात आणि ते टाळायला धडपडतात. हा प्राणी त्याचा दुसरा ठोसा करून घेतो. दोन्ही बाजूंचे अवयव जवळपास एकदम चालवले, तर शंखाला चार हादरे बसतात.

चारही हादरे मनात एकदा मोजून घ्या. गदा, गदा, पाणी, पाणी.

आणि गदेचं काय? शंख फुटतो, ती कशी फुटत नाही? 2012 साली जेम्स वीव्हर, डेव्हिड किसायलस आणि सहकाऱ्यांनी तिचा छेद घेऊन पाहिला. सर्वांत बाहेर हायड्रॉक्सीॲपटाइटचा कठीण थर, म्हणजे आपल्या हाडांत आणि दातांत असतं त्याच जातीचं खनिज. त्याच्या आत कायटिनच्या तंतूंचे थरावर थर, आणि प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित वळवून ठेवलेला, गोल जिन्याच्या पायऱ्या असाव्यात तसा. बाहेरच्या थरातून भेग आत शिरली तर तिला सरळ वाट मिळतच नाही. वळणावळणाने जाता जाता तिचा जोर संपतो. शेवटी गदा झिजतेच. मग प्राणी कात टाकतो आणि नवी गदा येते. या रचनेवर पुढे बरंच संशोधन झालं, त्यातून चिवट साहित्य बनवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. आपण इथे रेंगाळायचं नाही. आपल्याला त्याहून मागे जायचं आहे.

गदा शंखावर पोचली त्याच्या आधी ती पाण्यातून येत होती. किती वेगाने? 2004 मध्ये पाटेक, वायट कॉर्फ आणि काल्डवेल यांनी सेकंदाला 5,000 चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्याने हे टिपलं. वेग निघाला सेकंदाला 14 ते 23 मीटर. या प्राण्याविषयी लिहिणारे बहुतेक जण इथे बंदुकीच्या गोळीची उपमा देतात. मला ती नकोशी वाटते, कारण ती वाचकाचं लक्ष चुकीच्या जागी नेते. 23 मीटर म्हणजे ताशी 83 किलोमीटरही नाहीत. एवढ्या वेगाने एसटीसुद्धा जाते. नवल वेगाचं नाही, तो वेग कुठून सुरू होऊन किती थोड्या अवकाशात गाठला याचं आहे. अवयव संपूर्ण थांबलेला होता. त्याला जायचं अंतर बोटभर. तेही पाण्यातून, जे हवेच्या मानाने आठशे पट घन आहे. तेवढ्यात तो गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पटींपर्यंत त्वरण गाठतो.

कोणता स्नायू हे करू शकतो?

कोणताच नाही. याच उत्तरासाठी आपण मागे मागे आलो. 2004 च्या त्या शोधनिबंधात हिशेब मांडलेला आहे: या ठोशाला लागणारी शक्ती आजवर माहीत असलेल्या सर्वांत चपळ स्नायूंच्या कुवतीपेक्षा शेकडो पट जास्त आहे. आणि इथे तर स्नायू चपळही नाही. ठोसे मारणाऱ्या जातींमध्ये हा स्नायू याच गणातल्या, भाला खुपसणाऱ्या जातींच्या मानाने मंद, पण अधिक जोर लावणाऱ्या घडणीचा असतो, असं 2014 च्या एका अभ्यासात दिसून आलं. घाव जितका झटपट, तितका त्यामागचा स्नायू संथ. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा आणि त्याला मनात जागा करू द्या. त्याचा उलगडा पुस्तकापेक्षा हाताने लवकर होईल.

उजव्या हाताचं मधलं बोट अंगठ्यामागे अडकवा, कॅरमचा स्ट्रायकर मारताना अडकवतो तसं. बोट पुढे रेटा, पण अंगठा सोडू नका. डाव्या हाताने उजव्या कोपराच्या पुढे, हाताच्या वरच्या बाजूला चाचपून पाहा: तिथे स्नायू कडक झालेला लागेल. जोर चालू आहे, हालचाल शून्य. बाहेरून पाहणाऱ्याला हात निवांत वाटेल. आता आणखी थोडं रेटा. आणखी थोडं. मग अंगठा काढा.

आता तेच बोट अंगठ्याच्या अडसराशिवाय, नुसतं आपल्या बळावर झटकून पाहा. टेबलावर नखाचा आवाज करून ऐकलंत तर फरक कानालाही कळेल. स्नायू तोच, बोट तेच. पहिल्या वेळी बोट सुटण्याआधी स्नायूला जोर जमवायला सवड मिळाली, दुसऱ्या वेळी नाही. शाळेत शिकलो होतो की शक्ती म्हणजे ऊर्जा भागिले वेळ. या प्राण्याने वरची संख्या वाढवलेली नाही. त्याने खालची संख्या कमी केली आहे. समजा स्नायूला जोर साठवायला तीनशे मिलिसेकंद लागले आणि तो साठा तीन मिलिसेकंदांत बाहेर पडला, तर ऊर्जा कणभरही न वाढता शक्ती शंभरपट होते. बस, एवढंच. बाकी सगळी कारागिरी या एका भागाकारासाठी आहे.

आता हात सैल सोडा आणि पुन्हा बिळापाशी चला. कारागिरी पाहण्यासारखी आहे.

प्राण्याचे पुढचे दोन मोठे अवयव छातीशी मिटलेले आहेत. प्रत्येकाच्या वरच्या भागात एक जाड खंड, त्यात स्नायू भरलेले. त्याच्या पुढे छोटा सांध्याचा खंड, मग लांब दांडी, आणि टोकाला दुमडलेलं बोट. घाव घालताना ते बोट मिटलेलंच राहतं. आदळतो तो त्याच्या टाचेचा फुगीर भाग, तीच गदा. जाड खंडात दोन प्रकारचे स्नायू आहेत: एक अवयव उघडणारा, मोठा, दुसरा मिटवणारा, लहान. आपल्या हातापायांत सहसा एक ओढतो तेव्हा दुसरा ढिला पडतो. इथे ठोशाच्या तयारीत दोघे एकाच वेळी आवळले जातात. मोठा म्हणतो उघड, लहान म्हणतो नाही.

लहान जिंकतो. कसं? त्याच्या टोकाशी, कंडरेत, कठीण कवचाचे दोन छोटे तुकडे आहेत. स्नायू आवळला की ते खंडाच्या आतल्या भिंतीच्या कडेला जाऊन अडकतात. खिट्टी लागते. दाराला खांदा लावून रेटणारा कितीही धिप्पाड असला तरी खिट्टीला ताकदीपेक्षा जागा महत्त्वाची. माल्कम बरोज यांनी 1969 सालीच या जीवांच्या अवयवांत असा अडसर आहे हे दाखवलं होतं. पण साठवण नेमकी कुठे होते, तो जोर जातो कुठे, हे नंतर उमगलं.

दार हलत नाही, तेव्हा भिंत वाकते. उघडणारा स्नायू रेटत राहतो आणि जाड खंडाचं कवचच दबू लागतं. त्याच्या वरच्या बाजूला खोगिराच्या आकाराचा एक भाग आहे: एका दिशेने वर उचललेला, दुसऱ्या दिशेने खाली झुकलेला. इमारतींची पातळ आणि तरी मजबूत छपरं बांधायला वास्तुविशारद हाच आकार वापरतात, कारण जोर त्यात एका जागी न साचता सगळीकडे पसरतो. ते खोगीर दबतं, त्याच्या खालच्या अंगाच्या कवचाच्या पट्ट्या वाकतात. स्प्रिंग वेगळी बसवलेली नाही, शरीराची भिंतच स्प्रिंग आहे. हाडं आत असलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट चटकन सुचणारी नाही.

इथे थांबा. आपल्याला ज्या जागेपर्यंत यायचं होतं ती ही. स्नायू रेटतो आहे, खिट्टी अडवते आहे, खोगीर दबलेलं आहे. अवयव छातीशी मिटलेला. पुढे जे घडणार त्याची सगळी ऊर्जा या क्षणी कवचाच्या वाकात आहे. ठोशाचं सगळं कष्टाचं काम इथे संपलं आहे, आणि ठोसा अजून सुरू व्हायचा आहे.

मनाला इथे एक खोड आहे, ती पाहून ठेवा. ते लगेच या चित्रातून संयमाचा धडा काढायला धावतं. गोगलगायीला विचारा. या प्राण्याला धीर धरायचा नाही, त्याला भूक आहे. कवच, कंडरा आणि दोन भांडणारे स्नायू एवढ्यावर हे चाललं आहे, आणि ते आहे तसंच पुरेसं अद्भुत आहे. मन पुन्हा कवचाच्या वाकाकडे आणा.

आता एकदाच पुढे जा, हळूहळू. मिटवणारा स्नायू ढिला पडतो. खिट्टी निघते. अवयव सुटेल असं वाटतं, पण तो तरीही निमिषभर जागचा हलत नाही. 2021 मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट वुड यांच्या गटाने इतर संशोधकांसह या अवयवाची दीड ग्रॅमची यांत्रिक प्रतिकृती बनवली ती हाच विलंब समजून घ्यायला. त्यांच्या मते इथे दुसरा अडसर आहे, आणि तो कुठल्या तुकड्याचा नाही. सांध्याभोवतीची जोडणी चार दांड्यांच्या चौकटीसारखी आहे; ती एका ठरावीक कोनात असेपर्यंत स्प्रिंगचा जोर अवयवाला फिरवू शकत नाही. कोन ओलांडला की मग काही अडत नाही. खोगीर मूळ आकाराला येतं, सांध्याचा खंड पुढे ढकलला जातो, दांडी फिरते, गदा सुटते. त्या यंत्राने हवेत सेकंदाला 26 मीटरचा वेग गाठला.

या साऱ्यात मेंदूचा वाटा केव्हाचा? ठोसा सुटल्यावर तो सुधारायला वेळच नाही. मज्जातंतूतून संदेश जाऊन परत येईपर्यंत सगळं संपलेलं असतं. कात्सुशी कागाया आणि पाटेक यांनी कॅरिबियनमधल्या एका जातीच्या स्नायूंचे विद्युतसंदेश नोंदवले तेव्हा दिसलं, की किती जोराचा ठोसा हवा हे आधीच ठरतं: उघडणाऱ्या स्नायूला किती संदेश पाठवायचे, खोगीर किती दाबायचं. हळू मारायचं असेल तर कमी दाबायचं. निशाणा, जोर, निर्णय, सगळं खिट्टीच्या अलीकडे. पलीकडे फक्त भौतिकशास्त्र.

ही यंत्रणा जिवंतपणी आरपार दिसू शकते, हेही सांगितलं पाहिजे. हवाईतल्या एका जातीची पिल्लं जेकब हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी वाढवली. चारेक मिलिमीटर लांबीची, काचेसारखी पारदर्शक. अंड्यातून बाहेर पडल्यावर सुमारे नऊ दिवसांनी ती ठोसा मारायला लागतात, आणि अवयवाच्या भिंतीतून आतले स्नायू आवळताना कॅमेऱ्याला दिसतात. 2021 सालचं हे काम मला या सगळ्या संशोधनात सर्वांत देखणं वाटतं.

असं हत्यार जवळ असताना ही मंडळी एकमेकांशी भांडतात कशी, हा प्रश्न राहतो. बिळावरून भांडणं होतातच. कॅरिबियनमधल्या त्याच जातीत, समोरचा ठोसा मारायला लागला की दुसरा अंग वळवून शेपटीची टणक पाटी ढालीसारखी पुढे धरतो आणि घाव तिच्यावर घेतो. ती पाटी आघाताची बरीचशी ऊर्जा जिरवून टाकते. मग पाळी बदलते. पॅट्रिक ग्रीन आणि पाटेक यांना 2015 च्या अभ्यासात आढळलं, की जिंकणारा जास्त जोराने मारणारा नसतो. तो जास्त वेळा मारणारा असतो.

आणि कात टाकलेल्याचं काय? नवी गदा येते तेव्हा सारं अंग मऊ असतं. खोगीरही मऊ, दाबून उपयोग नाही. अशा वेळी ठोसा मारता येत नाही, आणि शत्रूचा एक टोलाही सोसवणार नाही. 1983 मध्ये स्टेगर आणि काल्डवेल यांनी दाखवलं, की अशा अवस्थेतला प्राणी बीळ सोडून मुकाट निघून जाईलच असं नाही. तो दारात उभा राहतो, दोन्ही अवयव फाकवून ते जाड खंड समोरच्याला दाखवतो, आणि पुष्कळदा तेवढ्यावर निभावून नेतो. स्प्रिंग जिथे असते तोच भाग, आत्ता निकामी असलेला, तो पुढे करतो. थाप आहे ही, सरळ सरळ थाप. मला त्याबद्दल त्याचं कौतुकच वाटतं.

मोरपंखी जातीचे ठोसे आपल्याला चित्रफितींतच पाहावे लागतील. पण या गणातली एक जात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात नेहमी येते, मियाकेला नेपा (पूर्वीचं नाव ओराटोस्क्विला नेपा). ती ठोसेवाली नाही, भालेवाली आहे. तिच्या अवयवाच्या टोकाला गदा नसते, काट्यांची रांग असते. भाला खुपसणाऱ्या जातींचा वार ठोसेवाल्यांच्या तुलनेत बराच संथ असतो. पण बरोज यांनी 1969 मध्ये ज्यांचा अडसर उलगडला त्यांत हिच्याच कुळातली स्क्विला होती. बाजारात हिला फारशी किंमत नाही, बरीचशी खतात किंवा माशांच्या भुकटीत जाते. मासळी उतरवण्याच्या धक्क्यावर गेलात आणि टाकून दिलेल्या ढिगात ती दिसली, तर कोळणीला विचारून एक मागून घ्या. मिटलेला पुढचा अवयव सावकाश उघडून पाहा, मग त्याच्यामागचा जाड खंड चिमटीत धरा. ते दोन स्नायू तिथेच असतात. मात्र काटे जपून, बोट सहज कापतं.